मका काढलेल्या रानात मेंढरं सोडण्याआधी

मका निघाला, सोयाबीनची मळणी उरकली की रानं मोकळी होतात आणि मेंढपाळाची चाऱ्याची वणवण थोडी थांबते. नेमक्या याच दिवसांत धडधाकट मेंढरं एका रात्रीत आडवी होतात. मागच्या हंगामात एका वाड्यावर हे जवळून पाहिलं. मशिनने काढलेल्या रानात कणसं बरीच सुटली होती, संध्याकाळी कळपाने ती मनसोक्त खाल्ली. सकाळी सहा मेंढ्या मान टाकून बसल्या होत्या. दात खात होत्या, रवंथ बंद, हगवणीला आंबूस वास. डाव्या भकाळीवर, म्हणजे बरगड्यांमागच्या खळग्यावर, मूठ दाबली तर आत नुसतं पाणी डचमळत होतं. निरोगी मेंढीच्या भकाळीवर हात ठेवला तर मिनिटाला एक-दोन वेळा पोट हाताला वर ढकलतं. इथं काहीच हलत नव्हतं.

कडबा, भुसकट पचवतात ते कोटीपोटातले, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटातले सूक्ष्मजीव. त्यांना सामू (pH, हा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ६ ते ७ च्या दरम्यान लागतो. दाणे एकदम पोटात गेले की त्यातल्या पिठावर लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू भराभर वाढतात, सामू ५.५ च्याही खाली जातो आणि चारा पचवणारे जिवाणू मरायला लागतात. तेच दाणे हळूहळू वाढवत दिले तर दोन-तीन आठवड्यांत पोट त्यांना सरावतं.

म्हणून कणसं आधी वेचून घ्या. मेंढरं उपाशी सोडू नका, आधी वाळलेला कडबा किंवा सरमाड खाऊ घाला. पहिल्या दिवशी अर्धा तासच चरू द्या, मग वेळ वाढवत न्या. गोठ्यात भरडा द्यायचा तर मोठ्या मेंढीला ५० ग्रॅमपासून सुरुवात करा आणि दर तीन-चार दिवसांनी तेवढाच वाढवा. दाणे जास्त झाले की आंत्रविषारही उठतो, म्हणजे आतड्यात जिवाणूंचं विष तयार होऊन मेंढी दगावते. त्याची लस राहिली असेल तर रान मोकळं व्हायच्या निदान दोन आठवडे आधी टोचून घ्या.

नुसत्या कडब्यावरही भागत नाही. ज्वारीच्या कडब्यात प्रथिनं जेमतेम ३-४ टक्के. एकूण खाद्यात ती ७ टक्क्यांच्या खाली गेली की जिवाणूंनाच नत्र कमी पडतं आणि मेंढी पोटभर खाऊनही खंगते. भुईमुगाचा पाला, तुरीचं भुसकट किंवा मूठभर सरकी पेंड जोडीला असू द्या. बुरशी आलेली पेंड मात्र उकिरड्यावरच जाऊ द्या.

उसाच्या वाढ्यांत ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम अडकवून ठेवतं. वाढे चालू असतील तर क्षार मिश्रण द्या, पण गाईचं नको. त्यात तांबं जास्त असतं आणि मेंढीला ते सोसत नाही. ज्वारी काढलेल्या रानातला कोवळा फुटवाही टाळा, त्याची किराळ लागते, म्हणजे त्यातल्या सायनाइडची विषबाधा होते.

मेंढी आजारी दिसली की दाणे लगेच बंद करा आणि पशुवैद्यकाला फोन लावा. तोवर १५-२० ग्रॅम खाण्याचा सोडा पाण्यात कालवून सावकाश पाजा. मान धरत नसेल तर पाजूच नका, पाणी फुप्फुसात जातं. अशक्त दिसते म्हणून गुळाचं पाणी देतात, त्याने आम्ल आणखी वाढतं. त्या सहापैकी चार वाचल्या. पुढचे काही दिवस त्यांना फक्त वाळला कडबा दिला. भरडा पुन्हा सुरू केला तो रवंथ नीट चालू झाल्यावरच, आणि पुन्हा ५० ग्रॅमपासून.