हर्मिट क्रॅब पाळायचाय? मग आधी त्याची टाकी नीट लावा

हर्मिट क्रॅब, म्हणजे रिकाम्या शंखात राहणारा खेकडा, घरी आणायचं ठरवलं असेल तर एकच कळकळीची विनंती, आधी टाकी पूर्ण तयार करा, आठवडाभर ती रिकामीच चालू ठेवून बघा, आणि आतली हवा आणि तापमान टिकतंय याची खात्री झाली की मगच खेकडे आणा. उलटं केलं की सगळं बिघडतं. हा प्राणी सहसा उपासमारीने मरत नाही, तो मरतो कोरड्या हवेने आणि उथळ वाळूने, आणि ते इतकं हळूहळू होतं की पाळणाऱ्याला वाटतं याचं आयुष्यच तेवढं असावं. खरं तर नीट सांभाळला तर हा खेकडा ३० वर्षांच्या वरही जगू शकतो. काही महिन्यांत गेला तर बहुतेक वेळा दोष त्याच्या घराचा असतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट बघून घ्या. हर्मिट क्रॅब दोन तऱ्हेचे असतात, समुद्राच्या पाण्यात राहणारे आणि जमिनीवर राहणारे. पाण्यातल्यांना खाऱ्या पाण्याचा अ‍ॅक्वेरियम लागतो, तो विषयच वेगळा. इथे मी लिहितोय ते कोएनोबिटा या वंशातल्या जमिनीवरच्या खेकड्यांबद्दल, पाळायला जे विकले जातात ते बहुतेक हेच. यांची पिल्लं सुरुवातीला समुद्रात तरंगत वाढतात त्यामुळे टाकीत पैदास करणं फार अवघड जातं, म्हणून विक्रीला येणारे जवळपास सगळे खेकडे किनाऱ्यावरून पकडून आणलेले असतात. म्हणून आपल्याकडे आलेल्याला तरी धड जगता यावं असं मला मनापासून वाटतं. आणि तुम्ही जिथे राहता तिथे हे पाळायला कायद्याने परवानगी आहे ना तेही आधीच विचारून घ्या.

आता टाकी. काचेची घ्या, साधा फिशटँक चालतो. दोन-तीन लहान खेकड्यांना ६० बाय ३० सेंटिमीटर तळ आणि ३५-४० सेंटिमीटर उंची असली तर सुरुवातीला पुरते, परवडत असेल तर मोठीच घ्या कारण वाळूच अर्धी जागा खाते. तारेचा पिंजरा अजिबात नको, तो कितीही छान दिसला तरी त्यात ओलावा टिकतच नाही. झाकण काचेचं किंवा अ‍ॅक्रिलिकचं, जवळजवळ पूर्ण बंद बसणारं, बारीकशी फट राहिली तरी पुरे, रोज खाणं ठेवायला झाकण उघडतोच त्यात हवा बदलते. जाळीचं झाकण आधीच असेल तर त्यावर जाड प्लास्टिक किंवा काच टाका. आणि झाकण घट्ट बसवा, हे खेकडे कोपऱ्यातल्या सिलिकॉनवरून किंवा वायरवरून चढून बाहेर पडतात.

एवढा बंदोबस्त का, तर जमिनीवर राहत असले तरी हे श्वास घेतात कल्ल्यांनीच, आणि ते कल्ले ओले राहिले तरच हवेतला ऑक्सिजन घेता येतो. हवा कोरडी पडली की कल्ले सुकतात आणि खेकडा अक्षरशः हळूहळू गुदमरतो, बाहेरून फक्त एवढंच दिसतं की तो सुस्त झालाय, शंखात अंग आत ओढून बसलाय. म्हणून टाकीतली आर्द्रता ७५ ते ८५ टक्के पाहिजे, ७० च्या खाली जाऊ द्यायची नाही. तापमान २४ ते २९ अंश सेल्सिअस. हे अंदाजाने कळत नाही, आर्द्रता आणि तापमान मोजणारा डिजिटल हायग्रोमीटर-थर्मामीटर घ्याच, तो वाळूच्या जरा वर, टाकीच्या मधोमध लावा. घेतल्यावर तपासूनही घ्या: बाटलीच्या बुचात साधं मीठ घेऊन त्यात चार थेंब पाणी टाकायचं, मीठ विरघळायला नको नुसतं ओलं व्हायला पाहिजे, ते बूच आणि मीटर एका झिपवाल्या पिशवीत बंद करून आठ-दहा तास ठेवायचं, आकडा ७५ च्या आसपास यायला हवा. ६८ दाखवत असेल तर तुमचा मीटर ७ ने कमी दाखवतो हे लक्षात ठेवून वाचा.

ओलावा टिकवायला रोज स्प्रे मारत बसू नका. ते सगळं पाणी खाली झिरपून तळाशी साचतं, मग तिथे जिवाणू वाढतात, सडक्या अंड्यासारखा वास सुटतो आणि खाली पुरून बसलेला खेकडा त्यातच अडकतो. झाकण नीट बंद असेल, वाळू ओलसर असेल आणि पाण्याची दोन मोठी भांडी आत असतील तर आर्द्रता आपोआप राहते. कमी पडली तर एका कोपऱ्यात ओलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) ठेवा, नाहीतर पाण्याच्या भांड्यात छोट्या एअर पंपाची नळी सोडा.

आता वाळू, आणि इथे कृपा करून कंजूसपणा करू नका. अ‍ॅक्वेरियमचे रंगीत खडे, नुसती भुरभुरीत कोरडी वाळू, लाकडाचा भुसा, यातलं काहीच चालत नाही. पाच भाग स्वच्छ बारीक वाळू आणि एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घ्या, कोकोपीट बिनखताचं पाहिजे. दोन्ही मोठ्या घमेल्यात एकत्र करून त्यात थोडं थोडं क्लोरीन काढलेलं खारं पाणी (ते कसं करायचं ते पुढे सांगतो) घालत कालवत जा, मूठ वळून पाहा, गोळा झाला पाहिजे, बोट खुपसलं तर पडलेलं भोक तसंच उभं राहिलं पाहिजे, पण पिळलं तर पाणी गळता कामा नये. किनाऱ्यावर किल्ला करायला जशी वाळू लागते तशी. भोक ढासळत असेल तर पाणी कमी आहे, खाली डबकं होत असेल तर जास्त झालंय, मग थोडी कोरडी वाळू घाला.

खोली किती तर कमीत कमी १५ सेंटिमीटर, किंवा तुमच्या सगळ्यात मोठ्या खेकड्याच्या उंचीच्या तिप्पट, यातलं जे जास्त असेल ते. मी तर सुरुवातीलाच २० सेंटिमीटर भरा असं सांगेन कारण नंतर खेकडे आत असताना वाढवणं त्रासाचं होतं. एवढी खोली लागते कारण कात, म्हणजे जुनं कवच, टाकायला हा प्राणी वाळूत खाली जाऊन स्वतःभोवती एक छोटी पोकळी करतो, ती पोकळी ढासळली किंवा वरून दुसरा खेकडा खणत आला तर मऊ अंगाचा तो जीव वाचत नाही. एक व्यवहाराची गोष्ट, ६० बाय ३० च्या टाकीत २० सेंटिमीटर थर म्हणजे ३६ लिटर माल होतो, वजन ५० किलोच्या आसपास जातं, तेव्हा टाकी आधी तिच्या कायमच्या जागी, मजबूत टेबलावर ठेवा आणि मग भरा. भरलेली टाकी उचलायला जाऊ नका.

ऊब द्यायची गरज असेल तर हीट मॅट वापरतात, ती टाकीच्या मागच्या काचेला बाहेरून, वाळूच्या रेषेच्या वर चिकटवायची. खाली तळाला कधीच नाही. खेकडा गरम झाला की थंडाव्यासाठी खाली खणतो, आणि तळच तापलेला असेल तर तो बिचारा उष्णतेकडेच जात राहतो. मॅटला थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ठरल्याप्रमाणे राखणारं यंत्र, लावा. खोली मुळातच वर्षभर उबदार असेल तर मॅट लागतही नाही, पण टाकी उन्हात मात्र ठेवू नका, बंद काचेत थोड्या वेळात तापमान कुठल्या कुठे जातं. उजेडाचं म्हणाल तर साधा एलईडी दिवा १२ तास चालू, १२ तास बंद. हे निशाचर आहेत, रात्री खरा अंधार पाहिजे.

पाण्याची भांडी दोन लागतात, एक गोडं आणि एक खारं, आणि दोन्हींत सगळ्यात मोठा खेकडा पूर्ण बुडेल एवढी खोली हवी. बुडून मरेल ही भीती नको, फक्त बाहेर चढून यायला दगड, जाळी किंवा खडबडीत उतार ठेवा. हे खेकडे शंखाच्या आत पाणी साठवून ठेवतात, गोडं आणि खारं आपल्या गरजेप्रमाणे भरून घेतात, त्यामुळे एक भांडं नसलं तर चालेल असं नाही. खारं पाणी स्वयंपाकाच्या मिठाचं करायचं नाही, अ‍ॅक्वेरियमसाठी जे समुद्री मीठ मिळतं तेच, लिटरला साधारण ३५ ग्रॅम, पाकिटावर नेमकं प्रमाण दिलेलं असतं. नळाचं पाणी दोन्हीसाठी डीक्लोरिनेटर (क्लोरीन काढणारं द्रावण) घालूनच वापरा. पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन बऱ्यापैकी उडून जातो पण काही ठिकाणी पाण्यात जंतू मारायला क्लोरामाइन घालतात, ते तसं उडत नाही. आणि भांड्यात ठेवायला म्हणून जो स्पंज विकतात तो नकोच, त्यात घाणच साठते.

शंखांबद्दल माझं मत स्पष्ट आहे, रंगवलेले शंख विकतही घेऊ नका. रंगाचे पोपडे निघतात आणि ते खेकड्याच्या पोटात जातात. साधे नैसर्गिक शंख, प्रत्येक खेकड्यामागे निदान चार-पाच, वेगवेगळ्या मापाचे, आत्ता अंगावर आहे त्याहून जरासे मोठे ठेवा. माप बघायचं ते शंखाच्या तोंडाचं, खेकड्याची मोठी नांगी त्या तोंडात झाकणासारखी बसली पाहिजे. बहुतेक जातींना गोल तोंडाचे टर्बो शंख आवडतात, इक्वाडोरियन म्हणून जे मिळतात त्यांना मात्र लंबगोल, इंग्रजी डी अक्षरासारखं तोंड असलेले बरे वाटतात. शंख उकळून, थंड करून, आत वाळू अडकली असेल तर झटकून मग ठेवा. शंख कमी असले की मारामाऱ्या होतात, एक दुसऱ्याला ओढून बाहेर काढतो, आणि त्यात जीव जातो.

खाण्याच्या बाबतीत हे सर्वभक्षी आहेत, किनाऱ्यावर पडेल ते खातात, त्यामुळे रोज थोडं थोडं आणि बदलून द्या. उकडलेलं अंडं, बिनमिठाचे सुके किंवा ताजे मासे, कोळंबी सालासकट, गाजर, लाल सिमला मिरची, भोपळा, सी-वीड, फळाचा तुकडा. कॅल्शियमसाठी कटलबोन (कटलफिश या समुद्री प्राण्याच्या आतलं कवच) किंवा उकळून वाळवलेली अंड्याची टरफलं कायम आत असू द्या, नवं कवच घट्ट व्हायला ती लागतात. सुकी पानंही टाका, ती खातात आणि त्यात लपतातही. मीठ, तेल, मसाला लागलेलं काही नको, आणि भाजी-फळांवर कीटकनाशक असू शकतं म्हणून चोळून धुवा, खेकड्यांना ते कीटकांइतकंच बाधतं. संध्याकाळी ठेवा, उरलेलं सकाळी उचला.

आत चढायला कॉर्कची साल, ड्रिफ्टवुड, जाळी, लपायला उलटी मातीची कुंडी असं काहीबाही द्या. पाइन आणि देवदाराची लाकडं टाळा, गंजणारं धातूचं काही ठेवू नका. खेकडा एकटा ठेवू नका, निसर्गात हे घोळक्याने राहतात.

घरी आणलं की पहिले काही आठवडे हात लावायचा मोह आवरा. सरळ टाकीत सोडा, आंघोळ वगैरे घालू नका. प्रवासाने आणि त्याआधीच्या हालांनी ते थकलेले असतात, काही तर आल्या आल्या वाळूत गडप होतात आणि काही दुर्दैवाने वाचत नाहीत, तुम्ही सगळं नीट करूनही. नंतरही हाताळणी कमीच ठेवा. नांगीने पकडलंच तर झटकू नका, ओढू नका, हात टाकीतल्या वाळूवर किंवा पाण्याच्या भांड्यात टेकवा, तो आपणहून सोडेल. आणि शंखातून ओढून काढायचा प्रयत्न तर कधीच करू नका, तो शंख सोडत नाही, अंग तुटतं पण सोडत नाही.

राहता राहिलं कात टाकणं, नवीन लोकांच्या हातून सगळ्यात जास्त खेकडे इथेच जातात. खेकडा खाली गेला की लहान असेल तर चार ते आठ आठवडे, मोठा असेल तर कित्येक महिने वर येत नाही. खणून बघायचं नाही. मेला असेल का, एकदाच बघतो, असं म्हणून खणलं की जिवंत असलेलाही जातो, त्या वेळी त्याचं अंग इतकं मऊ असतं. आपलं नाक वापरा, मेलेल्याचा वास सडलेल्या माशासारखा आणि दिवसागणिक वाढत जाणारा असतो, तसा नसेल तर थांबा आणि त्या काळातही आर्द्रता, तापमान, पाणी सगळं तसंच चालू ठेवा. कधी वाळूवर निर्जीव पडलेला खेकडा दिसेल, आधी नीट बघा, ती नुसती पोकळ, हलकी कात असू शकते आणि खेकडा शेजारच्या शंखात असू शकतो. वरच कात टाकली असेल तर त्याला उचलू नका, तळ कापलेली प्लास्टिकची मोठी बाटली त्याच्याभोवती वाळूत रोवा म्हणजे बाकीचे त्याच्यापर्यंत पोचणार नाहीत, बुच काढून ठेवा, आणि टाकलेली कात त्याच्याजवळच राहू द्या, तो ती खाऊनच कॅल्शियम परत मिळवतो. बाटली काढायची ती तो नीट चालायला, खायला लागल्यावर आणि कवच पुन्हा कडक दिसायला लागल्यावरच.