कुत्रा लंगडतोय? आधी बेचक्या बघा, मग पट्टीचं बोला

कुत्र्यानं पाय उचलून धरला की आपल्याकडे पहिल्यांदा हळदीचा डबा उघडतो. तो बंद करा. तेलात कालवलेली हळद केसांना चिकटून गोळा होते आणि खालची जखम किती खोल आहे तेच कळेनासं होतं. डेटॉलही नको. ते झोंबतं, आणि कुत्रा ते चाटणारच. घरातली दुखण्यावरची गोळी तर मुळीच देऊ नका. आयबुप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉल यकृतावर घाला घालतं. ‘अर्धीच दिली’ हे ऐकून डॉक्टर कपाळाला हात लावतात.

आधी नेमका पाय कुठला ते ठरवा. कुणाला तरी त्याला पॅसेजमधून दहा पावलं चालवायला सांगा आणि तुम्ही समोरून मान बघा. दुखरा पुढचा पाय टेकला की मान वर जाते, चांगला टेकला की खाली येते.

मग मोबाइलचा टॉर्च लावून पंजा बघा. बहुतेक जण खालच्या गाद्या बघतात आणि ‘काहीच नाही’ म्हणून सोडून देतात. दुखणं बेचक्यांत असतं. बोटं एकेक करून फाकवा, वरूनही आणि खालूनही. आतल्या बाजूला वर असलेलं पाचवं नखही बघा. ते जमिनीला घासत नाही, त्यामुळे वाढत वाढत वळून कातडीत रुतून बसतं. पावसाळ्यात बेचक्यांत गोचीड सापडते, नाहीतर ओलीनं लाल झालेली कातडी. एप्रिल-मेमध्ये दुपारी आमच्या ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या पेव्हर ब्लॉकवरून चालवलंत तर गाद्या भाजतात. तळहाताची मागची बाजू सात सेकंद जमिनीवर ठेवून बघा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्यालाही नाही.

पाऊस सरल्यावर येऊरच्या जंगलातल्या गवतातून फिरवून आणला असेल तर कुसळाचा संशय घ्या. कुसळाचं टोक एकाच दिशेनं सरकतं, ते बाहेर येत नाही, आत आत जातं. वरून नुसती फुगीर, ओलसर गाठ दिसते. ती पिळू नका, डॉक्टरांकडे न्या. खोल रुतलेली काचही घरी उपसायची नाही. आणि चारही पंजे चाटत असेल, आंबूस वास येत असेल, तर जखम शोधत बसू नका. ती खाज आहे, ॲलर्जीची किंवा बुरशीची, आणि तिचं औषध वेगळं.

रक्त येत असेल तर स्वच्छ कापडानं घड्याळ लावून पाच मिनिटं दाबून धरा, मध्ये उचलून डोकावू नका. दहा मिनिटांतही थांबलं नाही तर रिक्षा बोलवा. साधी खरचट असेल तर मेडिकलमधल्या सलाईननं धुवा, बीटाडीन फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावा, बेचक्या कोरड्या करा. झालं.

आता पट्टी. इथे मी स्वतः माती खाल्ली आहे.

एका जुलैत आमच्या कुत्र्याच्या, गण्याच्या, पंजाची गादी चिरली. मी क्रेप बँडेज ताणून, माणसाच्या मुरगळलेल्या घोट्याला बांधतात तसं, घट्ट गुंडाळलं. रात्रभर तो ते चावत होता. मी ओरडलो, सकाळी गळ्यात प्लास्टिकची कॉलर घातली आणि ऑफिसला गेलो. संध्याकाळी पट्टी सोडली तर मधली दोन बोटं फुगून नखं एकमेकांपासून लांब गेली होती आणि पंजा गार पडला होता. डॉक्टर म्हणाले, आणखी एक रात्र गेली असती तर बोटं वाचली नसती. तो बिचारा मला रात्रभर सांगत होता. त्या दिवसापासून पट्टी चावली की मी आधी पट्टी सोडतो, रागवायचं नंतर बघू.

म्हणून असं बांधा. जखमेवर गॉज ठेवा. प्रत्येक बेचक्यात आणि पाचव्या नखाखाली कापसाचा चिमूटभर बोळा घाला. कुत्र्याला घाम पंजांच्या गाद्यांतून येतो, त्यामुळे कापूस नसेल तर बोटं आतल्या आत शिजतात. त्यावर कापसाचा थर, मग गॉजची पट्टी खालून वर, प्रत्येक वेढा आधीच्याला निम्मा झाकेल अशी. क्रेप वापरायचंच असेल तर आधी सगळं उलगडून सैल करा आणि मग गुंडाळा. रोलवरून सरळ गुंडाळलं तर ते ताणलं जातंच. पट्टी मनगटाच्या सांध्यावर जाऊ द्या, नाहीतर तासाभरात मोज्यासारखी निघते. मधल्या दोन नखांची टोकं उघडी ठेवा, ती तुमची खिडकी आहे. दर चार-पाच तासांनी बघा: नखं जवळ जवळ आहेत का, बोटं कोमट आहेत का, वरच्या कडेतून तुमचं बोट आत जातं का. एक जरी उत्तर ‘नाही’ आलं तर सोडून पुन्हा बांधा. रोज बदला, आणि ओली झाली तर त्या क्षणी. दोन दिवसांत लंगडणं कमी झालं नाही, पू दिसला किंवा पाय टेकतच नसेल तर पट्ट्यांचा खेळ थांबवा.

पावसात वंदना टॉकीजच्या बाजूला तुंबलेल्या पाण्यातून जखमी पंजा नेऊ नका. उंदरांच्या मुतातून येणारा लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) जंतू चिरलेल्या कातडीतून शिरतो, कुत्र्यालाही आणि तुम्हालाही. त्याची लस दरवर्षी द्यायची असते, ती दिली आहे का बघा. शीसाठी खाली न्यावंच लागलं तर एक लिटरची दुधाची पिशवी धुऊन, वाळवून पंजावर चढवा आणि वर सैलसर चिकटपट्टी लावा. घरात आलात की स्वतःच्या चपला काढायच्या आधी ती पिशवी काढा.