रोजच्या धावपळीसाठी मिडसाइज बाइक घेताय? आधी अंगाला काय झेपतं ते बघा

बाइक घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न सीसी किती, दुसरा मायलेज किती, तिसरा टॉप स्पीड किती, आणि रोज तास-दोन तास तिच्यावर बसून जायचंय तर पाठ, मनगट, गुडघे काय म्हणतील हे कोणी विचारतच नाही. मिडसाइज म्हणजे ढोबळमानाने ३०० ते ६५० सीसी धरूया. छोट्या बाइकवरून लोक इकडे का येतात ते उघड आहे, मोकळ्या रस्त्याला छोटं इंजिन ८०-९० वर ओरडायला लागतं, ओव्हरटेक करताना जीव काढायला लागतो, डबलसीट असलं की चढाला दम लागतो. मोठ्या इंजिनाने हे सगळं सुटतं पण त्याबरोबर वजन येतं, गरमी येते, क्लच जड होऊ शकतो, आणि हा सगळा त्रास नेमका ट्रॅफिकमध्ये होतो जिथे आपण सगळ्यात जास्त वेळ असतो. म्हणून माझं मत सांगतो, रोजच्या वापरात बाइक आरामाची आहे की नाही हे चाळीसच्या आतल्या स्पीडला आणि इंजिन बंद असताना कळतं, बाकी ताशी शंभरला तर जवळजवळ सगळ्याच बाइक मस्त वाटतात.

तेव्हा ब्रोशर उघडायच्या आधी स्वतःचा रस्ता आठवा. रांगत रांगत जायचं किती, मोकळं पळायचं किती, रस्ता खड्ड्यांचा आहे का, मागे कोणी बसतं का, आणि बाइक उभी कुठे राहते. या शेवटच्या गोष्टीकडे फार दुर्लक्ष होतं. पार्किंगला उतार असेल, दोन बाइकच्या मधल्या फटीतून रोज मागे ओढून काढायची असेल, तर २०० किलोची बाइक महिन्याभरात डोक्यात जाते, मग ती चालवायला कितीही भारी असो.

आता बसण्याची पोझिशन. सीट, हँडल आणि फुटरेस्ट, या तीन ठिकाणी आपलं अंग बाइकला टेकतं आणि या तिघांमधलं अंतर जमलं की निम्मं काम झालं. क्रूझरमध्ये पाय पुढे, सीट खाली, दिसायला एकदम आरामखुर्ची, पण पाय पुढे असले की खड्डा आला तरी फुटरेस्टवर जोर देऊन बुड उचलता येत नाही आणि सगळा दणका थेट माकडहाडाला बसतो. गुळगुळीत रस्त्याला क्रूझर छानच, पण स्पीडब्रेकर आणि खड्डे जास्त असतील तर दोनदा विचार करा. स्पोर्ट बाइकचं उलटं असतं, हँडल खाली, पाय मागे, वजन मनगटावर. जोरात जाताना समोरचा वारा छातीला आधार देतो म्हणून मनगटं थोडी मोकळी होतात, पण ट्रॅफिकमध्ये वाराच नाही, मग सगळा भार तळहातावर आणि मानेवर. रोजच्यासाठी मधली पोझिशन सगळ्यात बरी, म्हणजे पाठ जवळपास सरळ किंवा किंचित पुढे, कोपरात थोडा बाक, फुटरेस्ट साधारण कमरेच्या खाली, म्हणजे खड्डा दिसला की पटकन उभं राहता येतं. नेकेड (म्हणजे बाहेरून प्लास्टिकचं कव्हर नसलेल्या), रोडस्टर आणि अ‍ॅडव्हेंचर टूरर टाइपच्या बाइक बहुतेक यात बसतात.

हे तपासायला एक सोपी गोष्ट करा. शोरूममध्ये बाइक कोणाला तरी सरळ धरायला सांगा, दोन्ही पाय फुटरेस्टवर ठेवून बसा, डोळे मिटा, खांदे ढिले सोडा आणि हात जिथे सहज जातील तिथे जाऊद्या, मग डोळे उघडून बघा हात ग्रिपपासून किती लांब आहेत. इंच-दोन इंचाचा फरक हँडल फिरवून किंवा रायझर (हँडल वर उचलणारा तुकडा) लावून निघतो. पण ग्रिप गाठायला पाठीतून वाकावं लागत असेल तर ती बाइक तुमच्या मापाची नाही, आणि दुसऱ्याच्या मापाची चप्पल घालून रोज कोणी चालत नाही.

सीटच्या उंचीबद्दल लोक फार घाबरतात. आकड्यावर जाऊ नका, कारण सीट पुढून किती रुंद आहे त्यावर पाय जमिनीला किती टेकतात ते ठरतं. ८०० मिमीची पण पुढे निमुळती असलेली सीट ७८० च्या रुंद सीटपेक्षा सोपी जाऊ शकते, वर आपण बसल्यावर मागचा शॉकअप थोडा दबतो तो वेगळाच. होंडा रेबेल ५०० ची सीट ६९० मिमी, रॉयल एन्फिल्ड मीटिअर ३५० ची ७६५, क्लासिक ३५० ची ८०५, हिमालयन ४५० ची ८२५ पासून पुढे, इतकी रेंज आहे, त्यामुळे उंची कमी म्हणून मिडसाइज जमणार नाही असं काही नाही. दोन्ही टाचा पूर्ण टेकायलाच पाहिजेत असंही नाही, दोन्ही पायांचे चवडे नीट टेकले किंवा एक पाऊल पूर्ण टेकलं तरी रोजचं काम होतं. मात्र जे बूट घालून रोज जाणार तेच घालून बघायला जा. आणि उंच माणसांनो, खाली सीट म्हणजे सीट आणि फुटरेस्टमधलं अंतर कमी, गुडघा जास्त दुमडतो, मीटिअरसारख्या क्रूझरमध्ये पाय पुढे असल्याने ते चालून जातं पण छोट्या नेकेड बाइकवर अर्ध्या तासाने गुडघे बोंबलतात.

वजनाचंही तसंच. क्लासिक ३५० भरते १९५ किलो, होंडा हायनेस सीबी३५० भरते १८१, कागदावर १४ किलोचा फरक. पण वजन वर आहे की खाली, हँडल किती रुंद आहे आणि किती वळतं, यावर हाताला काय जाणवतं ते ठरतं. इंजिन बंद ठेवून बाइक साइड स्टँडवरून उचला, चार पावलं मागे ढकला, हँडल फुल वळवून परत पुढे आणा. दमछाक झाली तर पुढच्या बाइककडे वळा, रोज करून सवय होईल असं सेल्समन म्हणेल पण सवय तुम्हाला लावायचीय त्याला नाही. मेन स्टँड असेल तर तोही एकदा लावून बघा, चेनला वंगण द्यायला लय उपयोगी पडतो आणि बऱ्याच बाइकना तो येतच नाही, आधी विचारून घ्या.

इंजिनाकडे येऊ. पॉवरचा आकडा बाजूला ठेवा आणि टॉर्क, म्हणजे इंजिनाचा ओढण्याचा जोर, किती आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मिळतो ते बघा. सीबी३५० ला ३० न्यूटन मीटर ३००० आरपीएमलाच मिळतो, क्लासिकला २७ न्यूटन मीटर ४००० ला, आणि ट्रायम्फ स्पीड ४०० ला ३७.५ मिळतो पण ६५०० ला. याचा अर्थ शेवटची खराब असा नाही, उलट ती पळायला कितीतरी जोरदार आहे. पण समोरची रिक्षा हळू झाली, आपण २५ वर आलो, गियर तिसरा, आणि परत रस्ता मोकळा झाला, तेव्हा खालून टॉर्क देणारी बाइक गियर न बदलता गुमान उचलते आणि वरच्या आरपीएमची बाइक धक्के देते, चेन खडखडते, मग एक गियर उतरवा. असं रोज शंभर वेळा होतं. तिसऱ्या गियरमध्ये २०-२५ ला थ्रॉटल हळूच उघडून बघा, लगेच कळेल.

क्लच हा तर अर्धा संसार आहे. ट्रॅफिकमध्ये पायापेक्षा डावा हात आधी दुखतो. स्लिपर असिस्ट क्लच असेल तर लिव्हर बराच हलका होतो आणि पटापट गियर उतरवताना मागचं चाक उडतही नाही. दोन बोटांनी लिव्हर दाबून अर्ध्यावर धरून मनातल्या मनात तीस मोजा, बोटं थरथरली तर समजून जा. गरम इंजिनावर उभ्या उभ्या न्यूट्रल लागतो का तेही बघायचं, काही बाइक थंड असताना गुणी असतात आणि तापल्या की पहिल्या-दुसऱ्यात नुसत्या लपंडाव खेळतात.

गरमीबद्दल शोरूममध्ये काही कळत नाही. लिक्विड कूल्ड इंजिन स्वतःला सांभाळतं, पण सिग्नलला रेडिएटरचा फॅन चालू झाला की ती गरम हवा कुठेतरी जाणारच, आणि बऱ्याचदा ती आपल्या नडगीवर किंवा मांडीवर येते. एअर कूल्डला फॅन नाही, पण मोठा सिंगल सिलिंडर अडकलेल्या ट्रॅफिकमध्ये पाय शेकतोच. म्हणून टेस्ट राइड दुपारी घ्या, आणि फॅन चालू होईपर्यंत दोन-तीन मिनिटं उभं राहा, पाय कुठे तापतो ते बघा.

व्हायब्रेशन दोन जातीची. सिंगल सिलिंडरची खालच्या आरपीएमची थडथड काही लोकांना आवडते आणि ती फारसा त्रास देत नाही, त्रास देते ती वरच्या आरपीएमची बारीक झिणझिण, हात-पायाला मुंग्या आणणारी, जिच्यामुळे घरी आल्यावर चहाचा कप धरताना हात बधिर वाटतो. हल्लीच्या बऱ्याच सिंगलमध्ये थरथर मारायला बॅलन्सर शाफ्ट असतो त्यामुळे बरीच कमी होते, ट्विन सिलिंडर त्याहून सपाट. होंडा एनएक्स५०० आणि रॉयल एन्फिल्ड इंटरसेप्टर ६५० यांची दोन सिलिंडरची इंजिनं, ही मोकळ्या रस्त्याला फार गोड चालतात. पण तुमचा रस्ता नव्वद टक्के गर्दीचा असेल तर एका सिलिंडरची हलकी बाइक जास्त सुखाची, उगाच दोन सिलिंडरचं वजन आणि पेट्रोल कशाला वागवायचं. तुम्ही मोकळ्या रस्त्याला ज्या स्पीडला जाता, म्हणजे ७० असेल तर ७०, त्याच स्पीडला टॉप गियरमध्ये आरसे बघा, मागची गाडी नीट दिसतेय की नुसती धुरकट थरथर दिसतेय.

सीट अंगठ्याने दाबून मऊ लागली म्हणून खूश होऊ नका. मऊ फोम वीस मिनिटांत दबतो आणि मग आपण खालच्या प्लेटवरच बसल्यासारखं होतं. थोडी कडक, मागे रुंद आणि सपाट सीट जास्त टिकते. पुढे उतरती सीट असेल तर प्रत्येक ब्रेकला टाकीकडे घसरायला होतं, त्याचा वैताग काही बोलायला नको. मागे रोज कोणी बसणार असेल तर त्या माणसाला सोबत न्या आणि दहा मिनिटं डबलसीट फिरा, धरायला हँडल आहे का, फुटरेस्ट किती वर आहेत, हे त्यालाच विचारा.

टेस्ट राइड गल्लीला फेरी मारून परत, इतकीच देत असतील तर अजून वेळ मागा, निदान अर्धा तास तरी, आणि शक्य असेल तर गर्दीच्या वेळी. त्यात एक यू टर्न, एक चढावर थांबून परत निघणं, एक खराब पॅच बसून आणि तोच पॅच उभं राहून, आणि मोकळी जागा मिळाली तर दोन्ही ब्रेक एकत्र जोरात. टेस्ट राइडच्या बाइकला टायरची हवा बऱ्याचदा गडबडलेली असते, आधी बघून घ्या, नाहीतर कडक टायरचा दोष बिचाऱ्या सस्पेन्शनवर जायचा.

सस्पेन्शन कडक वाटलं तरी लगेच नाही म्हणू नका, मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीपासून किती दाबलेली आहे ते, बहुतेक मिडसाइजला पान्याने बदलता येतो. शॉकअप एकूण जितका दबू शकतो त्याच्या तीस टक्क्यांच्या आसपास तुम्ही बसल्यावर दबला तर ठीक. एकटं जाणारा हलका माणूस असेल तर प्रीलोड एक-दोन खाचा खाली आणा, डबलसीटला परत वर.

बाकीच्या गोष्टी पटकन. ड्युअल चॅनल एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी दोन्ही चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टीम) असेल तर डोळे झाकून घ्या. रोजच्यासाठी ट्यूबलेस टायर बरे, स्पोकच्या चाकात बऱ्याचदा ट्यूब असते आणि पंक्चर झालं की चाक काढावं लागतं. टाकी १३ लिटरची असेल तरी रोजच्याला पुरते, १७ लिटर म्हणजे फेऱ्या कमी पण भरली की वजनही वर चढतं. मायलेजवर फार डोकं खाजवू नका. सर्व्हिस सेंटर तुमच्या रोजच्या रस्त्यावर आहे का हे मात्र बघा, आणि साधे पार्ट, म्हणजे ब्रेक पॅड, क्लच केबल, लिव्हर, लगेच मिळतात का ते शोरूमवाल्याला नको, तिथे बाइक घेऊन आलेल्या दोघा-तिघांना विचारा.

बाइक घरी आली की पहिलं काम लिव्हरचं. सीटवर बसून हात पुढे करा, बोटं लिव्हरवर ठेवा, कोपरापासून बोटापर्यंत सरळ रेष आली पाहिजे. बहुतेक बाइकचे लिव्हर येताना वरच असतात त्यामुळे मनगट वर मुरडतं. क्लॅम्पचे बोल्ट थोडे ढिले करा, लिव्हर खाली फिरवा, बोल्ट परत आवळा. गियर लिव्हरही तसाच, बुटाच्या जाडीप्रमाणे वरखाली होतो. टायरची हवा थंड टायरला, स्टिकरवर लिहिलीय तितकीच. क्लच केबलला लिव्हरपाशी थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, ठेवा, ताणून ठेवली तर क्लच घसरतो. एवढं करूनही सीट बोचत असेल तर दोनेक आठवडे थांबा, फोम बसतो, आणि मग कुशनवाल्याकडे जा.

आणि शेवटी दोन बाइकमध्ये अडकलाच, एकीचा आवाज भारी आणि दुसरीचा क्लच हलका, तर क्लचवाली घ्या.