शारीरिक क्षमतेच्या प्रशिक्षणाला सुरुवात करण्यापूर्वी: विद्यार्थ्यांसाठी तयारीची यादी

प्रशिक्षण सुरू करू इच्छिणारे बरेच विद्यार्थी पहिल्याच दिवशी जीव तोडून पळतात आणि नियोजनाचा विचार पोटऱ्या दुखू लागल्यावर करतात. या यादीचा क्रम त्याच्या उलट आहे. तिच्यातील बहुतेक बाबी मैदानावर पाऊल टाकण्याआधी, वही घेऊन बसून पूर्ण करायच्या आहेत आणि त्यासाठी एक आठवडा राखून ठेवावा. यादी शाळेच्या वरच्या वर्गांतील व महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून केली आहे. त्याहून लहान मुलांनी ती शिक्षकांच्या किंवा पालकांच्या मदतीने वापरावी.

सर्वप्रथम आरोग्याविषयीच्या काही प्रश्नांची उत्तरे लेखी द्यावीत. श्रम करताना कधी छातीत दुखले आहे का, चक्कर येऊन शुद्ध हरपली आहे का, घरात कोणाचा तरुण वयात हृदयविकाराने अचानक मृत्यू झाला आहे का, दमा, मधुमेह किंवा फेफरे यांवर औषध चालू आहे का, जुने फ्रॅक्चर किंवा शस्त्रक्रिया आहे का, हे ते प्रश्न होत. यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी असेल, तर डॉक्टरांचा सल्ला मिळेपर्यंत पुढची बाब हाती घेऊ नये. सल्ला घ्यायचा म्हणजे व्यायाम बंद, असे मात्र समजू नये. दमा असलेले अनेक जण उत्तम पळतात. त्यांनी इनहेलर दप्तरात न ठेवता मैदानाच्या कडेला, हाताशी ठेवावा आणि आपल्याला दमा आहे हे सोबतच्या किमान एका व्यक्तीला सांगून ठेवावे.

त्यानंतर आपल्याला नेमके काय वाढवायचे आहे ते एका वाक्यात लिहावे. ‘फिट व्हायचे आहे’ हे वाक्य चालणार नाही, कारण त्यावरून एकही व्यायाम निवडता येत नाही. हृदय व श्वसनाचा दमदारपणा, स्नायूंची ताकद, स्नायूंचा दमदारपणा, लवचिकता आणि शरीरातील चरबीचे प्रमाण हे आरोग्याशी संबंधित पाच घटक मानले जातात. वेग, चपळता, तोल, समन्वय, प्रतिक्रियेचा वेग आणि स्फोटक शक्ती हे कौशल्याशी संबंधित घटक त्यांहून वेगळे आहेत. शरीर ज्या प्रकारच्या ताणाला सामोरे जाते त्याच प्रकारात सुधारते, हे विशिष्टतेचे तत्त्व. काही सेकंदांच्या जोरकस धावेला लागणारी ऊर्जा मुख्यतः स्नायूंत आधीच साठलेल्या रसायनांतून मिळते, तर तीन किलोमीटर धावताना तिचा मोठा वाटा प्राणवायूच्या साहाय्याने तयार होतो. म्हणून केवळ लांब पळून शंभर मीटरची वेळ फारशी कमी होत नाही. पहिल्या सहा ते आठ आठवड्यांसाठी एक मुख्य घटक आणि एक दुय्यम घटक निवडावा. बाकीचे सुटत नाहीत, ते फक्त मागे राहतात.

तिसरी बाब मोजमापाची, आणि माझ्या मते संपूर्ण यादीत हीच सर्वांत महत्त्वाची आहे. सुरुवातीचा आकडा नसेल तर पुढे सुधारणा झाली की नुसते बरे वाटले, हे कळण्याचा मार्ग उरत नाही. हृदय व श्वसनाच्या दमदारपणासाठी अमेरिकी डॉक्टर केनेथ कूपर यांनी 1968 मध्ये प्रसिद्ध केलेली बारा मिनिटांची धाव पुरेशी आहे: बारा मिनिटांत किती अंतर कापले तेवढेच लिहायचे. जागा कमी असेल तर वीस मीटरच्या दोन रेषांमध्ये ध्वनिसंकेतावर धावण्याची चाचणी घ्यावी. स्नायूंच्या दमदारपणासाठी पद्धत न बिघडवता काढलेल्या पुश-अपची संख्या आणि लवचिकतेसाठी पाय सरळ ठेवून बसून पुढे हात पोहोचवण्याचे अंतर नोंदवावे. चाचणीच्या आदल्या दिवशी विश्रांती घ्यावी आणि जागा, वेळ, बूट व चाचण्यांचा क्रम लिहून ठेवावा, कारण पुन्हा मोजताना हे सर्व तसेच ठेवायचे आहे.

यासोबत विश्रांतीच्या अवस्थेतील नाडी घ्यायला शिकावे. सकाळी जाग आल्यावर अंथरुणातून उठण्याआधी, तर्जनी व मधले बोट मनगटावर अंगठ्याच्या मुळाच्या बाजूला हलके टेकवावे. अंगठा वापरू नये, कारण त्यातील स्वतःचे स्पंदन मोजले जाण्याची शक्यता असते. बोटे फार दाबली तर ठोका हरवतो, सैल सोडली तर तो लागत नाही, त्यामुळे पहिल्या दिवशी गोंधळ होणारच. तीस सेकंद मोजून दुप्पट करावे आणि सलग काही सकाळी घेतलेल्या आकड्यांची सरासरी काढावी. दहा सेकंद मोजून सहाने गुणणे सोपे असले तरी त्यात एका ठोक्याची चूक सहा ठोक्यांची होते.

आता भार ठरवण्याकडे वळता येईल. शरीराला सवयीपेक्षा थोडे अधिक काम दिल्याशिवाय ते बदलत नाही, हे अतिभाराचे तत्त्व, आणि ते ‘थोडे’ हळूहळू वाढवत नेणे हे क्रमवृद्धीचे. ताणाचे संशोधक हान्स सेली यांनी 1936 मध्ये शरीराच्या ताणाला मिळणाऱ्या प्रतिसादाचे जे वर्णन केले, त्याचा आधार पुढे प्रशिक्षकांनी घेतला: भार आला की क्षमता प्रथम घसरते, सावरायला अवधी मिळाला तर आधीपेक्षा थोडी वर जाते, आणि अवधी न देता पुन्हा भार टाकला तर घसरतच राहते. भाराचे चार भाग वहीत वेगळ्या रकान्यांत लिहावेत, म्हणजे आठवड्यातून किती वेळा, किती तीव्रतेने, किती वेळ आणि कोणत्या प्रकारचा व्यायाम. यानंतरचा नियम कडक आहे: एका आठवड्यात यांपैकी एकच रकाना बदलायचा. दिवसही वाढवले, अंतरही वाढवले आणि वेगही वाढवला, तर गुडघा दुखू लागल्यावर दोष कशाचा हे शोधता येत नाही. दर आठवड्याला दहा टक्के वाढ करावी असे सर्रास सांगितले जाते. तो एक सोयीचा संकेत आहे, शरीरशास्त्राचा नियम नव्हे, पण नवशिक्यासाठी तो सुरक्षित बाजूला राहतो.

एकूण किती, याचा अंदाज घेण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचना वापराव्यात. 5 ते 17 वयोगटासाठी त्या आठवडाभराच्या सरासरीने रोज किमान 60 मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल सुचवतात आणि आठवड्यातून किमान तीन दिवस त्यात जोरकस दमदारपणाचे तसेच स्नायू व हाडे बळकट करणारे व्यायाम असावेत असे म्हणतात. 18 वर्षांपुढील व्यक्तींसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे. सध्या काहीच करत नसलेल्या विद्यार्थ्याने पहिल्या आठवड्यात हा आकडा गाठण्याचा हट्ट धरू नये.

तीव्रता ठरवण्यासाठी एक छोटे गणित करून ठेवावे. 220 मधून वय वजा केल्यास हृदयाच्या कमाल ठोक्यांचा ढोबळ अंदाज मिळतो. 17 वर्षांच्या विद्यार्थ्यासाठी तो 203 येतो. विश्रांतीची नाडी 70 असेल तर मधले अंतर 133 ठोक्यांचे. त्याचे 60 टक्के म्हणजे सुमारे 80, ते 70 मध्ये मिळवले की 150 मिळतात, आणि 80 टक्क्यांना सुमारे 176. दमदारपणाचा बहुतेक सराव या दोन आकड्यांच्या खालच्या निम्म्या भागात करावा. सूत्र सरासरीवर बेतलेले असल्याने एखाद्या व्यक्तीच्या बाबतीत ते दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकू शकते, म्हणून सोबत बोलण्याची कसोटी ठेवावी: पळताना पूर्ण वाक्य बोलता येत असेल पण गाणे म्हणता येत नसेल तर तीव्रता मध्यम आहे, आणि दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर ती जोरकस आहे. मित्राचे आकडे आपल्या वहीत उतरवू नयेत. वय, वाढीचा टप्पा, पूर्वीची सवय आणि झोप यांनुसार एकाच सरावाला दोघांचा प्रतिसाद वेगळा असतो, आणि गटात सराव करणारे विद्यार्थी व्यक्तिभिन्नतेचे हे तत्त्व सर्वांत आधी विसरतात.

पद्धत निवडण्याची वेळ इथे येते, आधी नव्हे. नवशिक्याने पहिले तीन-चार आठवडे सलग धावण्याची पद्धत घ्यावी. वीस ते तीस मिनिटे एकाच मध्यम गतीने धावावे आणि दम लागल्यास मध्ये चालावे. त्यापुढे फार्टलेक घेता येते. स्वीडनचे प्रशिक्षक गोस्टा होल्मेर यांनी 1930 च्या दशकात रूढ केलेल्या या पद्धतीत वेग व अंतर घड्याळावर बांधलेले नसते. चढ आला की जोर लावायचा, सपाटीवर सैल पळायचे. तिचे स्वातंत्र्य आकर्षक असले तरी आळशी विद्यार्थ्याच्या हाती ती नुसती फेरफटका होते, हेही ध्यानात ठेवावे. इंटरव्हल प्रशिक्षणात याउलट सर्व काही मोजलेले असते. जर्मनीत वोल्डेमार गेर्शलर आणि हृदयतज्ज्ञ हर्बर्ट राइंडेल यांनी ते नाडीच्या आधारे मांडले आणि गेर्शलर यांचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने 1939 मध्ये 800 मीटरचा 1 मिनिट 46.6 सेकंदांचा विश्वविक्रम केला, जो 1955 पर्यंत टिकला. या पद्धतीत धावेइतकेच महत्त्व मधल्या विश्रांतीला आहे. विद्यार्थ्याने 200 मीटरच्या चार धावांनी सुरुवात करावी, प्रत्येक धावेनंतर चालत राहून नाडी 120 च्या आसपास उतरू द्यावी, आणि ती ठरावीक वेळेत उतरेनाशी झाली की उरलेल्या धावा सोडून द्याव्यात. आठवड्यातून एक दिवस पुरे.

जागा थोडी आणि विद्यार्थी जास्त असतील तर सर्किट पद्धत सर्वांत सोयीची ठरते. इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात मॉर्गन आणि अॅडमसन यांनी 1950 च्या दशकात ती विकसित केली. सहा ते दहा ठिकाणी वेगवेगळे व्यायाम मांडावेत, प्रत्येक ठिकाणी तीस सेकंद काम व तीस सेकंद विश्रांती ठेवावी, आणि पायांच्या व्यायामानंतर हातांचा, त्यानंतर पोट-पाठीचा असा क्रम लावावा, म्हणजे एकाच स्नायूवर लागोपाठ ताण येत नाही. उड्यांचा सराव मात्र शेवटी आणि थोडाच घ्यावा. उडीवरून उतरताना आवाज मोठा येत असेल किंवा गुडघे एकमेकांकडे झुकत असतील, तर उंची वाढवू नये.

ताकदीचे व्यायाम केल्याने उंची खुंटते ही समजूत निराधार आहे. योग्य देखरेखीखाली आणि योग्य पद्धतीने केलेले असे व्यायाम वाढत्या वयातही सुरक्षित मानले जातात. धोका आहे तो न पेलणाऱ्या वजनाचा आणि बिघडलेल्या पद्धतीचा. पुश-अपमध्ये थकवा आला की प्रथम कंबर खाली लोंबते, मग कोपरे बाहेर फाकतात, मग मान पुढे निघते. कंबर लोंबली की सेट संपला असे समजावे आणि तिथपर्यंतचीच संख्या लिहावी. एकाच स्नायुगटाच्या दोन सत्रांमध्ये साधारण 48 तास ठेवावेत. पहिल्या काही आठवड्यांतील ताकदीची वाढ ही बहुतांशी मज्जासंस्था स्नायूंना अधिक चांगले कामाला लावू लागल्याने होते, त्यामुळे दंड जाड दिसत नाहीत म्हणून वजन वाढवण्याची घाई करू नये.

प्रत्येक सत्राच्या वेळात दहा मिनिटे उत्तेजक हालचालींसाठी आणि पाच ते दहा मिनिटे शिथिलीकरणासाठी आधीच वजा करावीत. सुरुवातीला सावकाश धावणे, पाय झुलवणे, लंज (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणे) असे हालते ताण घ्यावेत. एकाच स्थितीत मिनिटभराहून अधिक ताणून धरल्यास लगेचची ताकद व वेग थोडा घटतो, म्हणून ते ताण सत्राच्या शेवटी, प्रत्येकी पंधरा ते तीस सेकंद घ्यावेत. बूट पायाला लागत नाहीत ना आणि तळवा झिजलेला नाही ना, एवढे पाहणे पुरेसे आहे.

विश्रांती हा तक्त्यातला लेखी रकाना असावा. 13 ते 18 वर्षांच्या मुलामुलींना 8 ते 10 तास झोपेची शिफारस केली जाते, आणि ती मिळत नसेल तर पहाटेचे सत्र रद्द करणे अधिक शहाणपणाचे. नव्या व्यायामानंतरची स्नायूंची ठणक साधारण 24 ते 72 तासांत सर्वाधिक जाणवते व ओसरते. सांध्यातील, एका बाजूची किंवा रोज वाढत जाणारी वेदना मात्र वेगळी असून तिच्यासाठी सराव थांबवावा. सकाळची नाडी दोन-तीन दिवस नेहमीपेक्षा ठळकपणे जास्त लागली, तर त्या दिवशी हलके काम घ्यावे. उष्ण हवामानात शरीराला रुळायला दहा ते चौदा दिवस लागतात. या काळात सत्र छोटे ठेवावे, पाणी सोबत न्यावे, आणि कोणाला मळमळ, डोकेदुखी किंवा चक्कर जाणवली तर त्याला सावलीत बसवून थंड पाण्याने अंग पुसावे. बोलण्यात गोंधळ दिसला तर अंग गार करणे चालू ठेवूनच तातडीने वैद्यकीय मदत बोलवावी. ताप असताना सराव पूर्ण बंद ठेवावा.

शेवटी दिनदर्शिका पुढे घेऊन दोन तारखा घालाव्यात. पहिली फेरचाचणीची, सुरुवातीपासून सहा ते आठ आठवड्यांनी. दुसरी परीक्षेची, कारण तक्ता बहुधा तिथेच मोडतो. सराव थांबला की दमदारपणा दोन-तीन आठवड्यांतच घसरू लागतो, पण तो टिकवायला मिळवण्याइतके श्रम लागत नाहीत. परीक्षेच्या काळासाठी दिवस दोनवर आणावेत, वेळ निम्मा करावा आणि तीव्रता तशीच ठेवावी, कारण ती कमी केल्यास मिळवलेले लवकर जाते. तेवढेही जमले नाही, तर परीक्षेनंतरचा पहिला आठवडा सोडलेल्या भाराच्या निम्म्यावर लिहून ठेवावा, आणि तो आत्ताच लिहावा. सुट्टी लागल्यावर उत्साहाच्या भरात तो आकडा कोणी निम्मा लिहीत नाही.