टेबलात नवा दर, हातात जुना

जावा आणि हायबरनेट (टेबलातल्या ओळी जावाच्या ऑब्जेक्टमध्ये आणणारी लायब्ररी) थोडंफार येतं असं धरून लिहितोय. मी मेकॅनिकलचा, कोडिंगमध्ये उशिरा आलो. कॅश, म्हणजे एकदा आणलेला डेटा जवळ ठेवण्याची जागा, म्हटलं की मला फक्त रेडिस (त्यासाठीचा वेगळा सर्व्हर) आठवायचं. हायबरनेटच्या सेशनमध्येच (डेटाबेसशी कामाच्या एका फेरीत) एक कॅश बसलेली असते आणि ती बंद करता येत नाही, हे एका पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरने मला रडवून शिकवलं.

काम साधं. ठेवींचा व्याजदर 9 वरून 8.5 करायचा आणि काही खात्यांवर शेरा टाकायचा. एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये मी शेऱ्याची खाती लोड केली, मग एका अपडेट क्वेरीने सगळ्यांचा दर बदलला, मग लूप लावून शेरे टाकले. एरर नाही. दुसऱ्या दिवशी शेरा असलेली खाती पुन्हा 9 वर, बाकीची 8.5 वर. फोनवर "कॅशमध्ये गडबड आहे" म्हणालो, तर तिथले मॅनेजर तिजोरी उघडायला निघाले.

झालं होतं असं. सेशन आयडेंटिटी मॅप ठेवतं, म्हणजे एका आयडीचा एकच ऑब्जेक्ट. 41 नंबरचं खातं दहादा मागा, तोच हातात येतो. हे हवंच, नाहीतर एकाच खात्याच्या दोन प्रती दोन तऱ्हांनी बदलून बसाल. पण अपडेट क्वेरी थेट टेबलावर जाते, मॅपला तिचा पत्ता नसतो. टेबलात 8.5, ऑब्जेक्टात 9. नवी सिलेक्ट मारली तरी ओळ 8.5 घेऊन येते, हायबरनेट आयडी बघतं, 'हा आहे माझ्याकडे' म्हणतं आणि जुनाच ऑब्जेक्ट देतं.

इथवर नुसतं चुकीचं दिसतं. पुढचं नीट वाचा. मी बदलला फक्त शेरा, पण हायबरनेट डीफॉल्टने अपडेटमध्ये सगळे कॉलम लिहितं. शेऱ्यासोबत शिळा 9 सुद्धा टेबलात परत गेला. ओळ मधल्या वेळात बदलली का हे ओळखणारा व्हर्जन कॉलम होता, पण साधी बल्क अपडेट (एका क्वेरीने अनेक ओळी बदलणारी) व्हर्जन वाढवत नाही, त्यामुळे तोही गप्प.

उपाय असा: क्वेरीआधी फ्लश (साठलेले बदल टेबलात लिहिणं), नंतर क्लिअर (मॅप रिकामा करणं), मग खाती नव्याने लोड. फ्लश विसरलात तर क्लिअर तुमचे न लिहिलेले बदल घेऊन जाईल. स्प्रिंग डेटा वापरत असाल तर अपडेट क्वेरीवर लावायच्या मॉडिफाइंग अॅनोटेशनला दोन्हींचे पर्याय आहेत, दोन्ही डीफॉल्टने बंद. का, ते मला विचारू नका.

रेडिस हा वेगळा संसार. तिथे एवढंच पाळा: रेकॉर्ड बदललं, तर कॅशमधली त्याची की (key) उडवा, नवी किंमत भरत बसू नका. भरत बसलात आणि दोन रिक्वेस्ट मागेपुढे पोहोचल्या तर जुनीच किंमत बसून राहते. आणि पान हळू उघडतंय म्हणून कॅशेबल (उत्तर कॅशमध्ये ठेवणारं अॅनोटेशन) चिकटवायला सांगणारे व्हिडिओ बंद करा, आधी टेबलावर इंडेक्स (ओळ पटकन शोधून देणारी सूची) आहे का बघा.

घाबरू मात्र नका. मला हे कळायला दोन दिवस लागले आणि तेही स्वतःहून नाही. आमचे सीनियर उत्तर द्यायचेच नाहीत, "एसक्यूएल लॉग उघड" एवढंच म्हणायचे. तेव्हा राग यायचा. आता वाटतं, लगेच कोड लिहून देणाऱ्या सीनियरपेक्षा असला बरा. लॉगमध्येही आधी किमतींच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसली. बाइंड होणाऱ्या किमती छापायला लावल्या, तेव्हा शेऱ्याच्या अपडेटमध्ये व्याजदराचा कॉलम सापडला, आणि त्याच्यासमोर 9.