पहाटेच्या अंधारात घाटाचा पॅनोरामा कसा काढावा, आणि त्यातल्या माणसांना कसं सांभाळावं

त्रिपुरारी पौर्णिमेच्या पहाटे कोल्हापूरच्या पंचगंगा घाटावर पायरीपायरीवर पणत्या लागतात. उजेड तेवढाच, आणि माणसं मात्र खच्चून. मोबाइल हातात धरून डावीकडून उजवीकडे फिरवला की जो पॅनोरामा, म्हणजे लांबरुंद जोडचित्र, मिळतो, त्यात पणत्यांच्या रेघा होतात, पायऱ्या मध्येच तुटतात आणि एखाद्या माणसाला दीड डोकं येतं. फिरता मोबाइल चित्राच्या प्रत्येक पट्टीला फार थोडा वेळ देतो आणि एवढ्या अंधारात तो पुरत नाही. म्हणून इथे चित्र एकेक फ्रेम थांबून काढायचं आणि नंतर जोडायचं.

खालचे आकडे एपीएस-सी (३५ मिमी फिल्मपेक्षा लहान) सेन्सरचा कॅमेरा आणि त्याच्यासोबत मिळणारी १८-५५ मिमी लेन्स धरून दिले आहेत. याहून महाग काही लागत नाही. ट्रायपॉड मात्र हवाच, आणि त्यावर कॅमेरा उभा धरून पुढेमागे सरकवता येईल अशी पट्टी हवी.

आदल्या दिवशी, घरी

घाटावर जवळची पायरी लेन्सपासून जेमतेम मीटरभर असते आणि पलीकडचा काठ खूप लांब. कॅमेरा चुकीच्या बिंदूभोवती फिरला तर जवळची पायरी आणि लांबची दीपमाळ एकमेकींच्या तुलनेत सरकतात. मग कुठलंही सॉफ्टवेअर तो जोड नीट बसवू शकत नाही. पायऱ्या तुटलेल्या दिसतात त्या बहुतेक वेळा यामुळेच.

योग्य बिंदू शोधायला दिवसाउजेडी खिडकीशी बसा. लेन्स १८ मिमीवर ठेवा आणि झूमची रिंग चिकटपट्टीने पक्की करा, कारण झूम बदलला की बिंदूही बदलतो. खिडकीचा गज अर्ध्या मीटरवर आणि रस्त्यावरचा विजेचा खांब लांब, असे दोन्ही एका रेषेत आणा. आता कॅमेरा उजवीकडे वळवा. खांबाच्या मानाने गज डावीकडे सरकला, तर कॅमेरा फिरण्याच्या अक्षाच्या फार पुढे आहे. पट्टीवर मागे घ्या. गज उजवीकडे सरकला तर कॅमेरा पुढे न्या. वळवूनही दोन्ही एकमेकांना चिकटून राहिले की पट्टीवर बारीक खूण करा. अंधारात हे काम होत नाही, ही खूण सोबत नेली की झालं.

फोकसही घरीच ठरवता येतो. १८ मिमी, एफ/४ (लेन्सच्या छिद्राचा आकार) आणि ४ मीटरवर फोकस ठेवला की साधारण २ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट येतं. टेपने ४ मीटर मोजा, तिथे फोकस करा, लेन्स मॅन्युअलवर टाका आणि फोकसच्या रिंगलाही चिकटपट्टी लावा. अंधारात ऑटोफोकस पणतीवरून काळोखावर आणि काळोखावरून पणतीवर भटकत राहतो, आणि बारापैकी दोन फ्रेम हमखास धूसर निघतात.

कॅमेऱ्यात काय बदलायचं

सगळं मॅन्युअल. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ३००० केल्विनवर पक्का, कारण ऑटो ठेवला तर प्रत्येक फ्रेमचा रंग वेगळा येतो आणि जोडावर रंगाची पायरी दिसते. ट्रायपॉडवर असताना लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शनही बंद, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ पुन्हा अडून बसतो. फोकसला मदत करणारा छोटा दिवा आणि फ्लॅश दोन्ही बंद. फ्लॅशने पणतीचा उजेड मरतो आणि अंधाराला सरावलेल्या पन्नास डोळ्यांवर एकदम आघात होतो. पुन्हा डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं जातात.

स्क्रीनची चमक सगळ्यात खाली आणा. काळोखात स्क्रीन वाजवीपेक्षा उजळ भासते आणि फोटो नीट आलाय असं वाटतं; घरी येऊन बघावं तर सगळं काळं. विश्वास ठेवायचा तो हिस्टोग्रामवर, म्हणजे डावीकडे काळोख आणि उजवीकडे उजेड दाखवणाऱ्या आलेखावर. ज्योती पांढऱ्या फटक आल्या तरी चालतील. पायऱ्यांचा दगड आणि चेहरे डाव्या कडेला चिकटलेले नकोत.

जागा आणि वेळ

पहाटे पाचच्या आधी पोचा. जाण्यायेण्याच्या वाटेत ट्रायपॉड लावू नका. एखादा कठडा किंवा पायऱ्यांचा कोपरा बघा आणि पणत्या मांडणाऱ्या मंडळाच्या कार्यकर्त्यांना विचारून तिथे उभे राहा. ट्रायपॉडच्या पायांवर पांढरी चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे अंधारात कुणी अडखळणार नाही. पायऱ्यांवर तेल सांडलेलं असतं. ट्रायपॉडचा पाय तिथे सरकतो आणि माणसाचाही. ओढणी, पदर, कॅमेऱ्याचा लोंबता पट्टा, सगळं पणतीपासून लांब.

ट्रायपॉडची पातळी पायांच्या वरच्या बुडबुड्यावर जुळवा, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर नाही. तळ तिरका असेल तर कॅमेरा एका बाजूला सरळ दिसतो आणि वळवल्यावर क्षितिज लाटेसारखं वरखाली होतं.

नदीकाठी लेन्सवर दव धरतं. दर फेरीआधी काच तिरकी धरून बघा आणि मायक्रोफायबरने टिपा. धुक्यासारखा आलेला फोटो पुष्कळदा दवाचाच असतो.

नोव्हेंबरात इथे सूर्य साडेसहाच्या आगेमागे उगवतो. त्याआधीच्या चाळीस ते पंचवीस मिनिटांत आकाश गडद निळं होतं आणि पणत्याही तेजात असतात. पूर्ण पॅनोरामासाठी हीच वेळ. पौर्णिमेचा चंद्र तेव्हा पश्चिमेला कललेला असतो. तो चित्रात हवा की पाठीशी, हे उभं राहतानाच ठरवा.

फ्रेम किती आणि कशा

कॅमेरा उभा धरून १८ मिमीवर आडवा कोन सुमारे ४७ अंश मिळतो. दर फ्रेमला ३० अंश वळवलं की एक तृतीयांशाहून थोडा जास्त भाग पुढच्या फ्रेमवर चढतो, आणि जोडायला तेवढा लागतोच. पूर्ण वर्तुळाला १२ फ्रेम, अर्ध्याला ६.

दोन फेऱ्या मारायच्या. पहिली दगड, पाणी आणि आकाशासाठी: एफ/४, २ सेकंद, आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदना) ८००. ही स्वच्छ येते, दाणे कमी असतात. दुसरी माणसांसाठी: एफ/४, १/४ सेकंद, आयएसओ ६४००. दोन्हींचा उजेड बरोबर सारखा येतो, म्हणून एकीतला तुकडा दुसरीत बेमालूम बसतो. दुसरीत दाणे असतात, पण चेहऱ्याला चेहरेपण असतं. २ सेकंदांत पाण्यावर सोडलेल्या दिव्यांच्या रेघा होतात, तेव्हा तेही दुसऱ्या फेरीतून घ्या. आकाश उजळतं तसा दोन्ही फेऱ्यांचा शटर सारख्याच पटीने कमी करा. दोन फेऱ्यांत पाच मिनिटं गेली तर आकाश जुळत नाही, त्यामुळे लागोपाठ मारा. बटण रिमोटनेच दाबा.

लोक डावीकडून उजवीकडे चालत असतील तर कॅमेरा उजवीकडून डावीकडे फिरवा. लोकांबरोबर फिरवलात तर एकच माणूस तीन फ्रेममध्ये तीनदा येतो.

दुसऱ्या फेरीत प्रत्येक जागी तीन फोटो घ्या आणि बटणाची वेळ माणसाकडे बघून साधा. पणती लावणारी बाई काडी वातीला टेकवते आणि दुसऱ्या तळहाताचा आडोसा धरते. तेलात भिजलेली वात लगेच पेट घेत नाही. तेवढा एक-दोन सेकंद तिचा हात थांबतो, मान थांबते, श्वासही रोखला जातो, आणि ज्योत धरली की तळहात आतून केशरी होऊन चेहरा उजळतो. १/४ सेकंदाला हाच क्षण पुरतो. काडी झटकायला हात हलला की गेला.

माणसांना विचारणं

लांबच्या गर्दीतल्या प्रत्येकाला विचारणं शक्य नाही. पण जवळच्या चार-पाच पायऱ्यांवरच्या लोकांना विचारायलाच हवं, आणि त्याला कारण आहे. या पद्धतीने २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचं पूर्ण वर्तुळ सुमारे ३०,००० पिक्सेल रुंद होतं. त्यात ३ मीटरवरच्या माणसाचा चेहरा अडीचशे पिक्सेलच्या आसपास येतो, म्हणजे मोठं करून बघणारा कुणीही तो सहज ओळखेल. त्या माणसाला मात्र वाटत असतं, अंधारात आपण कुठे दिसतोय.

पहिली फेरी सुरू करण्याआधी, हात मोकळे असताना बोला. ‘मावशी, घाटाचा गोल फोटो काढतोय, तुम्हीपण त्यात दिसाल. चालेल ना?’ एवढं बास. नको म्हणाल्या तर त्यांची जागा मोकळी होईपर्यंत थांबा किंवा जोडताना तो भाग झाका. लहान मुलांसाठी आईवडिलांना विचारा; मूल हसून तयार झालं तरी विचारा.

कार्तिकस्नानाला आलेली, आंघोळ करणारी, कपडे बदलणारी माणसं चित्रात घ्यायचीच नाहीत. तो कोपरा फ्रेममधून वगळून उभे राहा. खासगी क्षणी स्त्रीचं तिच्या नकळत चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ प्रमाणे गुन्हा आहे. आणि कायद्याचं राहू द्या, देवाच्या दारी पहाटेचं स्नान करणाऱ्या माणसाला तिथे निर्धास्त वाटलं पाहिजे.

एखाद्याचा जवळून स्वतंत्र फोटो हवा असेल तर ३५ किंवा ५० मिमी एफ/१.८ लेन्स लावा, १/५० सेकंद, आयएसओ ६४००. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जवळ एलईडी दिवा असला तरी १/५० ला पट्टे सहसा येत नाहीत. फोटो काढला की तिथेच दाखवा. पुसून टाका म्हणाले तर त्यांच्यासमोर पुसा.

जोडणी

ह्युगिन हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. आधी सगळ्या रॉ फाइल अगदी एकाच सेटिंगने बदलून घ्या. एका फ्रेमची जरी चमक वेगळी वाढवलीत तरी आकाशात पट्टा येतो. कडांचा काळोखही याच वेळी सगळ्यांवर सारखा काढा.

जुळणीचे बिंदू सॉफ्टवेअर आपोआप शोधतं, पण पणत्यांच्या रांगांत ते फसतं. त्याला एक पणती दुसरीसारखीच दिसते आणि तिसऱ्या पायरीची पणती चौथीवर बसते. प्रत्येक जोडी उघडून बघा. माणसांवरचे, पाण्यावरचे आणि ज्योतींवरचे बिंदू काढून टाका. त्याऐवजी दगडाच्या कडा, पायरीचे कोपरे आणि देवळाच्या शिखरावर हाताने बिंदू द्या, प्रत्येक जोडीला निदान सहा-सात. दीपमाळेच्या कडेवर उभ्या रेषेचे बिंदू दिले की चित्र कलत नाही.

मग मुखवटे. लाल मुखवट्याने नको तो भाग वगळला जातो, हिरव्याने हवा तो राखला जातो. माणसाच्या पायाशी पडलेली सावली आणि पणतीचा उजेडही मुखवट्यात घ्या, नाहीतर माणूस जातो आणि त्याची सावली पायरीवर उरते. प्रोजेक्शन, म्हणजे गोल दृश्य सपाट चित्रात पसरायची पद्धत, अर्ध्या वर्तुळाला सिलिंड्रिकल ठेवा, पूर्ण वर्तुळाला इक्विरेक्टँग्युलर.

ऑनलाइन टाकण्याआधी चित्र पूर्ण मोठं करून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवत बघा. ज्यांना विचारता आलं नाही आणि जे स्पष्ट ओळखू येतात, त्यांचे चेहरे हलके धूसर करा किंवा चित्र ४,००० पिक्सेलपर्यंत लहान करूनच टाका. ज्या मावशींनी हो म्हटलं, त्यांचा भाग वेगळा कापून व्हॉट्सॲपवर पाठवा. नंबर घाटावरच मागून ठेवा, उजाडल्यावर गर्दीत त्या पुन्हा सापडत नाहीत.