फ्रेंच भाषकांनो, इंग्रजीत कुणाचे दोष काढताना जरा जपून

'ॲरोगंट' दोन्ही भाषांत उद्धटच, म्हणून फ्रेंच भाषक निर्धास्त होतात. घात करतात ते दिसायला सारखे पण अर्थाने वेगळे शब्द. फ्रेंच 'मालिसियो' म्हणजे खट्याळ. इंग्रजी 'मॅलिशस' मात्र दुसऱ्याचं वाईट चिंतणारा. कुणाच्या पोराला कौतुकाने तसं म्हणालात तर आई चिडणारच! तिथे 'मिस्चिव्हस' म्हणा. 'व्हर्सटाइल' ही इंग्रजीत चक्क स्तुती. फ्रेंच 'व्हेर्सातील'मधला चंचलपणा सांगायला 'फिकल' हवं. फ्रेंचमधला 'स्युसेप्तीब्ल', म्हणजे चटकन रुसणारा, तो इंग्रजीत 'टची', 'ससेप्टिबल' नव्हे. वहीत असे शब्द जोडीनेच लिहा. तोंडावर बोलताना आधी 'अ बिट' लावलं की धार कमी होते. आणि विशेषणाला स्त्रीलिंगाची किंवा अनेकवचनाची शेपटी जोडू नका, इंग्रजीत ती भानगडच नाही.